आपली पत्रे मित्राच्या घरी असतात

मालमत्ता म्हणून पाहिले तर पत्र ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. लिहिणारा विचार करतो, श्रम करतो, वेळ खर्च करतो आणि तयार झालेली वस्तू कायमची दुसऱ्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो. मजकुरावरील स्वामित्वहक्क कायद्याने लिहिणाऱ्याकडे व त्याच्यामागे त्याच्या वारसांकडे राहतो. परंतु प्रत्यक्ष कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो. तो त्याने जपून ठेवावा, तारेला टोचून ठेवावा की बंबात घालावा, हा त्याचा प्रश्न. याचा अर्थ असा होतो की, आपण आयुष्यात जे काही जिव्हाळ्याने लिहिले असेल त्यातील बहुतेक आपल्या घरी नाही. ते मित्रांच्या घरी आहे. आपल्या कपाटात जी पत्रे आहेत ती आपली नव्हेत, त्यांची आहेत.

मैत्री आणि आठवण लेखनाने टिकते, असे आपण सहज म्हणून जातो. पण ती कशी टिकते, कोणामुळे टिकते आणि कोणाची टिकत नाही, हे प्रश्न तितके सोपे नाहीत. अर्थशास्त्र हा विषय या चर्चेसाठी कोणास फार योग्य वाटणार नाही. आकडे, आलेख आणि बाजारभाव यांच्या या रुक्ष प्रदेशात मैत्रीला जागा कोठली, असा समज आहे. तथापि या शास्त्राचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळातील दोन धुरीणांचा पत्रव्यवहार हा लिखित मैत्रीचा जगातील एक उत्तम नमुना आहे. डेव्हिड रिकार्डो आणि थॉमस रॉबर्ट माल्थस हे ते दोघे होत.

दोन टोकांची माणसे

या दोघांत मैत्री व्हावी असे वरकरणी काहीच नव्हते. माल्थसचा जन्म १७६६ चा. केंब्रिजमध्ये शिकलेला, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला, १७९८ मधील लोकसंख्येवरील निबंधाने प्रसिद्धी आणि कुप्रसिद्धी या दोहोंचा धनी झालेला हा गृहस्थ. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठी जे कॉलेज काढले, तेथे १८०५ मध्ये त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि पुढे हेलीबरी येथे तो अखेरपर्यंत शिकवीत राहिला. त्याचे उत्पन्न बेताचेच होते.

रिकार्डो त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. हॉलंडमधून लंडनला आलेल्या ज्यू कुटुंबातला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो बापाच्या हाताखाली शेअरबाजारात उभा राहिला. पुढे क्वेकर पंथातील मुलीशी लग्न केल्यामुळे घर तुटले. तेव्हा स्वतःच्या हिमतीवर सरकारी रोख्यांच्या व्यवहारात त्याने अफाट संपत्ती मिळविली. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नव्हते आणि आपल्याला लिहिता येत नाही, ही खंत त्याला जन्मभर राहिली.

१८११ च्या जूनमध्ये माल्थसने आपण होऊन रिकार्डोशी पत्रव्यवहार सुरू केला. निमित्त होते नोटांच्या किमतीच्या घसरणीवर त्या वेळी गाजत असलेल्या वादाचे. दोघेही त्या वादात लिहीत होते. मोठ्या प्रश्नावर दोघे एकाच बाजूचे असताना लहानसहान मतभेदांसाठी छापील वाद घालण्यापेक्षा आपण भेटून बोलावे, असा माल्थसचा प्रस्ताव होता. भेट झाली, ओळख वाढली आणि पुढची बारा वर्षे, म्हणजे रिकार्डोच्या मृत्यूपर्यंत, पत्रांचा ओघ चालू राहिला. उपलब्ध पत्रेच दीडशेच्या वर भरतात.

या दीडशे पत्रांत एकमत झाल्याचे प्रसंग शोधूनच काढावे लागतात. चलन, व्यापार, नफा, मूल्य, मजुरी असा एकही महत्त्वाचा विषय नाही की ज्यावर दोघांचे पूर्ण जुळले. १८१५ च्या फेब्रुवारीत धान्याच्या आयातीवर निर्बंध असावेत की नसावेत या प्रश्नावर दोघांनीही पुस्तिका काढल्या. माल्थस निर्बंधांच्या बाजूने, रिकार्डो विरुद्ध. गंमत अशी की, रिकार्डो तोवर ग्लॉस्टरशायरमधील गॅटकम येथील मोठ्या जमीनजुमल्याचा मालक झाला होता आणि जमीनमालकांचे हितसंबंध समाजाच्या हिताआड येतात, असे प्रतिपादन करीत होता; तर ज्याच्या नावावर एक काठीभर जमीन नव्हती तो माल्थस जमीनमालकांची वकिली करीत होता. ही विसंगती माल्थसच्याच ध्यानात आली आणि त्याने ती आपल्या ग्रंथात खिलाडूपणे नमूदही केली.

पैशाच्या व्यवहारातही या मैत्रीची एकदा कसोटी लागली. वॉटर्लूच्या लढाईपूर्वी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांत रिकार्डोने मोठी रक्कम गुंतविली होती आणि मित्रप्रेमाने त्यातील लहानसा वाटा माल्थससाठी ठेवला होता. लढाईचा निकाल काय लागतो या धास्तीने माल्थसने थोडक्या नफ्यावर आपला वाटा विकून टाकण्यास सांगितले. रिकार्डोने स्वतःचे रोखे ठेवले. वॉटर्लूचा विजय झाला, भाव चढले, रिकार्डोला प्रचंड लाभ झाला. एवढ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाल्याची उदाहरणे आपल्या गावोगाव सापडतील. या दोघांचा पत्रव्यवहार मात्र पूर्ववत चालू राहिला आणि विषयही पूर्वीचाच राहिला.

१८२० मध्ये माल्थसचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील ग्रंथ निघाला. त्यात रिकार्डोच्या १८१७ मधील ग्रंथावर जागोजाग टीका होती. रिकार्डोने गॅटकमला बसून त्या ग्रंथावर परिच्छेदवार तीनशेहून अधिक टिपणे लिहिली. पुस्तक छापून उत्तर देण्याची ऐपत आणि कीर्ती दोन्ही त्याच्याजवळ होती. त्याने ती टिपणे छापली नाहीत. हस्तलिखित मित्रमंडळीत वाचावयास फिरले आणि थांबले.

उत्तर देण्याची शिस्त

एवढे मतभेद असून ही मैत्री टिकली कशी? दोघांचा स्वभाव चांगला होता, हे उत्तर पुरेसे नाही. चांगल्या स्वभावाची माणसेही वादात तुटतात. माझ्या मते याचे श्रेय बऱ्याच अंशी पत्र या साधनाला आहे.

त्या काळच्या इंग्लंडात पत्र पाठविणे स्वस्त नव्हते. टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याला द्यावे लागे. एका पेनीत देशभर पत्र जाण्याची सोय १८४० नंतरची. संसदेच्या सभासदांना टपाल मोफत होते आणि रिकार्डो १८१९ पासून सभासद होता; पण सर्वसाधारण रीत ही की, आपण लिहिलेल्या प्रत्येक जादा कागदाचा भुर्दंड मित्राला बसावयाचा. साहजिकच लिहिणारा काय लिहावे याचा विचार करी. वाचणाराही दाम मोजून घेतलेले पत्र दोनदा वाची.

दुसरे असे की, पत्राला उत्तर द्यावे लागते आणि उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे लागते. आपण असे म्हणता, ते मला असे समजले, त्यावर माझी शंका अशी, या क्रमानेच पत्रातील वाद पुढे सरकतो. बैठकीतील वादात आवाज चढविता येतो, विषय बदलता येतो, एखाद्या कोटीवर हशा मिळवून वेळ मारून नेता येते. पत्रात यातले काही चालत नाही. मित्राचे मागचे पत्र समोर असते आणि आपले पत्र त्याच्यासमोर राहणार असते. आपण काल काय म्हणालो याचा पुरावा मित्राच्या हाती ठेवूनच वाद करावयाचा असतो. या शिस्तीने माणूस प्रामाणिक राहतो. निदान अप्रामाणिक होणे महाग पडते.

अनेक वर्षे रिकार्डोचा खंडसिद्धान्त वर्गात शिकविल्यानंतर माझा असा अनुभव आहे की, सिद्धान्त म्हणून जे पाठ्यपुस्तकात गुळगुळीत होऊन येते त्याचे मूळचे खाचखळगे या पत्रांतच दिसतात. सुपीक जमीन संपली की कमी प्रतीची जमीन लागवडीखाली येते, धान्याचा भाव त्या जमिनीच्या खर्चावर ठरतो आणि वरच्या प्रतीच्या जमिनीवर जो जादा लाभ उरतो तो खंड, हा विचार कोणा एकट्याचा नव्हे. माल्थसने आक्षेप घेतले नसते तर रिकार्डोची मांडणी इतकी कसदार झाली नसती. आणि हेच उलट बाजूनेही खरे आहे.

शेवटपर्यंत त्यांचा वाद मूल्याचे माप कशाने घ्यावे या प्रश्नावर चालू होता. ३१ ऑगस्ट १८२३ रोजी रिकार्डोने माल्थसला पत्र लिहिले. त्यात नेहमीप्रमाणे युक्तिवाद होता. आणि अखेरीस अशा आशयाचे उद्गार होते की, इतक्या चर्चेनंतरही आपण दोघे आपापल्या मतांवर कायम आहोत, पण याचा आपल्या स्नेहावर काही परिणाम होत नाही आणि तुमचे मत माझ्यासारखे असते म्हणून तुम्ही मला अधिक आवडला असता असेही नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी, ११ सप्टेंबर रोजी, कानाच्या विकाराने रिकार्डोचे निधन झाले. तो अवघा एक्कावन्न वर्षांचा होता. आपल्या कुटुंबाबाहेर आपण कोणावर एवढे प्रेम केले नाही, असे माल्थस म्हणाल्याची नोंद आहे.

हे शेवटचे पत्र मृत्यूची चाहूल लागून लिहिलेले नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. ते रोजच्या व्यवहारातले पत्र होते. मुद्दाम निरोपाचे म्हणून लिहिले असते तर कदाचित इतके नेमके साधले नसते.

एका बाजूचा संवाद

येथवरची कथा सुखान्त वाटेल. पण आठवण टिकण्याची खरी कथा यापुढची आहे.

रिकार्डोने लिहिलेली पत्रे अर्थातच माल्थसकडे होती. ती त्याच्या घराण्यात जपली गेली आणि १८८७ मध्ये जेम्स बोनार याने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. माल्थसने लिहिलेली पत्रे रिकार्डोच्या घरी होती. ती कोठे आहेत याचा पत्ता नव्हता. त्यामुळे सुमारे त्रेचाळीस वर्षे अभ्यासकांच्या हाती या संवादाची एकच बाजू होती. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ बसून त्याचेच बोलणे ऐकावे तसा हा प्रकार. रिकार्डो उत्तरे देतो आहे, समजावतो आहे, खोडून काढतो आहे. माल्थस काय म्हणाला ते रिकार्डोच्या तोंडूनच कळावयाचे. अशा स्थितीत दुसरा माणूस नेहमीच थोडा मंद आणि हट्टी भासतो. माल्थसविषयी शतकभर जे मत रूढ होते त्याला ही परिस्थिती पोषकच ठरली.

१९१९ मध्ये रिकार्डोच्या एका वंशजाला घरातील जुन्या सामानात एक पुडके सापडले. माल्थसच्या ग्रंथावरील ती न छापलेली टिपणे त्यात होती. ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३० च्या सुमारास त्याच घराण्याकडे रिकार्डोला आलेली पत्रे मिळाली आणि त्यांत माल्थसची पत्रे होती. संवादाची दुसरी बाजू प्रथमच ऐकू आली.

तो काळ जागतिक मंदीचा होता. कारखाने बंद, गोदामे भरलेली आणि लाखो कामगार बेकार, असे चित्र असताना जॉन मेनार्ड केन्सने ती पत्रे वाचली. उत्पादन झाले म्हणजे त्याला गिऱ्हाईक आपोआप मिळतेच असे नाही, मागणी अपुरी पडून सार्वत्रिक मंदी येऊ शकते, असे माल्थस शंभर वर्षांपूर्वी रिकार्डोला परोपरीने सांगत होता आणि रिकार्डोला ते पटत नव्हते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रपर निबंधांच्या संग्रहात केन्सने माल्थसवरील लेखात या पत्रांचा उपयोग केला. एकोणिसाव्या शतकाच्या अर्थशास्त्राने रिकार्डोऐवजी माल्थसचा वारसा चालविला असता तर जग अधिक शहाणे आणि अधिक श्रीमंत झाले असते, इथपर्यंत त्याची मजल गेली. हे मत सर्वांना मान्य होण्यासारखे नाही. परंतु एका घरात पडून राहिलेल्या कागदांमुळे एका विचारवंताचा आवाज शतकभर दबून राहतो आणि ते कागद सापडताच तो पुन्हा बोलू लागतो, ही गोष्ट विलक्षण आहे खरी. मित्राची आठवण जपण्याचे काम भावनेने भागत नाही. कोणीतरी कागद जपावे लागतात.

ही पत्रे संपादित करण्याचे काम रॉयल इकॉनॉमिक सोसायटीने पिएरो स्राफा या केंब्रिजमधील इटालियन अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविले. काम होत आले असताना १९४३ मध्ये डब्लिनजवळच्या एका घरात आणखी एक पेटी निघाली. जेम्स मिल हा रिकार्डोचा दुसरा जिवलग मित्र. तुला लिहिता येते, लिहीत राहा, असा पत्रांतून सतत धोशा लावून रिकार्डोकडून ग्रंथ लिहवून घेणारा तोच. मिलला रिकार्डोने लिहिलेली पत्रे आणि मृत्यूपूर्वी अपुरा राहिलेला अखेरचा लेख या पेटीत होता. स्राफाने तयार होत आलेले खंड थांबविले आणि जुळणी पुन्हा केली. दहा खंड १९५१ ते १९५५ या काळात बाहेर आले आणि सूचीचा अकरावा खंड १९७३ मध्ये. १९३० ते १९७३ अशी त्रेचाळीस वर्षे एका माणसाने दुसऱ्यांच्या कागदांसाठी दिली.

तुरुंगातील मित्र

स्राफाने या कामासाठी एवढे आयुष्य का वेचले, याचे एक कारण त्याची विद्वत्ता. पण त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील एक मैत्रीही येथे सांगितली पाहिजे. तुरीन शहरातील तरुणपणापासून अँतोनियो ग्राम्शी हा त्याचा मित्र. ग्राम्शी पुढे इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा नेता झाला. १९२४ मध्ये फॅसिझमचा मुकाबला कसा करावा यावर दोघांचा मतभेद झाला तेव्हा स्राफाने पत्र लिहिले आणि ग्राम्शीने ते आपल्या नियतकालिकात उत्तरासह छापले. मतभेद लिहून झाला आणि मैत्री राहिली.

नोव्हेंबर १९२६ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ग्राम्शीला अटक केली. स्राफाने मिलानमधील एका पुस्तकविक्रेत्याकडे त्याच्या नावे खाते उघडून दिले. ग्राम्शीने हवी ती पुस्तके मागवावीत, पैसे स्राफाने भरावेत. कैद्याला मित्रांना मुक्तपणे लिहिण्याची मुभा नव्हती. म्हणून ग्राम्शी आपली मेहुणी तात्याना हिला लिही, ती मजकुराची नक्कल स्राफाला पाठवी आणि स्राफाची उत्तरे तिच्या पत्रांतून तुरुंगात जात. १९३२ मध्ये ग्राम्शीने अशीच एक शंका विचारली, ती रिकार्डोविषयी. अर्थशास्त्राबाहेर तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही रिकार्डोला काही स्थान आहे काय, असा तो प्रश्न होता. एकीकडे स्राफा केंब्रिजमध्ये रिकार्डोची पत्रे जुळवीत होता आणि दुसरीकडे त्याच रिकार्डोविषयी तुरुंगातील मित्राला तिसऱ्याच्या हस्ते उत्तर लिहीत होता.

ग्राम्शी १९३७ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याच्या तेहतीस वह्या तात्यानाने जपल्या. त्याची तुरुंगातील पत्रे १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. राजकीय मते बाजूला ठेवून पाहिले तरी एवढे मान्य करावे लागेल की, या लेखनामागे लिहिणाऱ्याइतकाच वाट पाहणारा, नक्कल करणारा आणि पुस्तकांचे बिल भरणारा माणूस उभा आहे. आठवणीच्या इतिहासात अशा माणसांची नावे तळटीपेत येतात.

इंदापूरची रयत

तथापि लेखनाच्या या थोरवीला एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातच दिसते. हेलीबरीत माल्थसच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा अधिकारी मुंबई इलाख्यात आला. पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनच्या जमिनीची मोजणी व प्रतवारी करून सारा ठरविण्याचे काम १८२० नंतरच्या दशकात त्याच्याकडे आले. शेताच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा हिस्सा सरकारने सारा म्हणून घ्यावा, हे त्याचे सूत्र. माल्थस आणि रिकार्डो यांनी ज्या खंडसिद्धान्ताचा कीस काढला होता, त्याचीच ही अंमलबजावणी होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, आकारणी जड झाली आणि शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात करावी लागली.

हा विषय येथे काढण्याचे कारण असे. हजारो मैलांवर दोन सज्जनांनी परस्परांना लिहिलेल्या पत्रांचे बोट धरून इंदापूरच्या शेतापर्यंत जाता येते. परंतु इंदापूरच्या शेतापासून मागे निघावे तर वाट लवकरच संपते. ज्या कुणब्याने जमीन टाकली त्याने शेजारच्या कुणब्याला काय सांगितले, पडत्या काळात कोणी कोणाला बैल दिले, कोणी कोणाची मुले सांभाळली, यांतले काहीही कागदावर नाही. त्यांच्यात मैत्री नव्हती असे कोण म्हणेल? दप्तरात त्यांचे नाव आहे ते थकबाकीपुरते. लेखनाने आठवण टिकते, हे खरे. त्याचबरोबर जो लिहू शकला नाही त्याची आठवण दुसऱ्याच्या हिशेबापुरती उरते, हेही खरे आहे. म्हणूनच ज्या पिढीने प्रथम अक्षर गिरविले त्या पिढीने आपल्या माणसांविषयी लिहिणे, हे साहित्यसेवेपुरते मर्यादित नाही. ती आपल्या बाजूचे कागद जपण्याची गोष्ट आहे.

आपल्यापुरते काही

मराठीतही संवादाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी पुढे आल्याचे ठळक उदाहरण आहे. धारवाडला राहून माणसांपासून दूर असणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी स्नेह राखला तो मुख्यतः पत्रांतून. १९८७ मध्ये ते गेले. त्यांनी सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आधी ग्रंथरूप झाली आणि सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने त्यानंतर वाचकांसमोर आली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावरच तो संवाद पुरा होतो. दोन्हीकडचे कागद राहिले म्हणून हे शक्य झाले.

आज पत्रे लिहिली जात नाहीत, अशी तक्रार करणे सोपे आहे. २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. त्यांतील कितीजणांनी मागील वर्षभरात एखादे खासगी पत्र टपालात टाकले होते, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. माणसे आज कमी लिहितात असेही नाही. मोबाइलवर दिवसाकाठी जेवढे शब्द टंकले जातात तेवढे आपल्या आजोबांनी महिन्यात लिहिले नसतील. फरक दोन बाबतींत पडला आहे. एक म्हणजे उत्तरापूर्वीचा अवकाश गेला. मतभेद होताच पहिल्या रागात लिहिले जाते, चार लोकांच्या गटासमोर लिहिले जाते आणि मित्राला समजावण्यापेक्षा प्रेक्षकांना दाखविण्यासाठी लिहिले जाते. गेल्या काही वर्षांत राजकीय मतभेदावरून शाळासोबती गट सोडून गेल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. रिकार्डो आणि माल्थस यांच्यात मतभेद याहून कमी नव्हते. पण त्यांचा वाद दोघांतच चालत असे आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागे.

दुसरी बाब जपणुकीची. यंत्र बिघडले, क्रमांक बदलला, सांकेतिक शब्द घेऊन माणूस निघून गेला की बारा वर्षांचा संवाद एका क्षणात नाहीसा होतो. पुडके माळ्यावर शंभर वर्षे पडून राहू शकते. बंद पडलेल्या दूरध्वनीतून पणतवंडाला काही मिळेल, याची खात्री देता येत नाही.

यावर उपाय मोठे नाहीत. ज्या मित्राशी आपले मुळीच पटत नाही त्याला वर्षातून एकदा तरी सविस्तर लिहावे; त्याचे म्हणणे आधी त्याच्याच न्यायाने मांडावे आणि मग आपले सांगावे. कागदावर लिहिले तर उत्तम, अन्यथा छापून ठेवावे. मित्र वारला तर त्याच्या घरी जाताना सांत्वनाच्या चार शब्दांबरोबर त्याने आपल्याला लिहिलेल्या पत्रांच्या नकला न्याव्यात. त्याच्या मुलांना ठाऊक नसलेला बाप त्या पत्रांत असतो आणि तो आपल्या कपाटात अडकून पडलेला असतो. सर्वच पत्रे छापावीत असे नाही. खासगीपणाची मर्यादा राहावयासच हवी. परंतु जपणे वेगळे आणि प्रसिद्ध करणे वेगळे. गावोगावची ग्रंथालये आणि महाविद्यालये यांनी एखादे कपाट अशा कागदांसाठी राखले, त्यांची साधी यादी केली आणि किती वर्षे उघडावयाचे नाहीत याची देणाऱ्याची अट पाळली, तरी पुष्कळ काम होईल. त्याला अनुदान लागत नाही, एक जबाबदार ग्रंथपाल लागतो.

रिकार्डोच्या मृत्यूनंतर माल्थस आणखी अकरा वर्षे जगला. मूल्य, नफा, मंदी या प्रश्नांवर तो लिहीत राहिला. उत्तर द्यावयास मित्र नव्हता. त्याची पत्रे तेवढी जपलेली होती. ती त्याने फाडली असती तर आज रिकार्डोही आपल्याला अर्धाच कळला असता.